तयार घर घेताना पण पूररेषा बघा

कोल्हापुरात प्लॉट घेऊन घर बांधावं की तयार घ्यावं असं विचारलं की बरेच जण म्हणतात, बांधायच्या भानगडीत पडू नका, तयार घर घ्या. गवंड्यामागं पळायचा त्रास वाचतो हे खरंच, पण पुराचं कुणीच बोलत नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या लई वर गेलेलं. मामांनी नदीकडच्या भागात एक घर बघितलं, नवा रंग, सगळं चकाचक, शेजारच्या काकूंनी कंपाउंडवर छातीएवढी पाण्याची खूण दाखवली तेव्हा कळलं, मग नाद सोडला. म्हणून शेजारी चार घरं विचाराच. मोकळ्या प्लॉटला मात्र सांगणारं कोण नसतं, तिथं इसार द्यायच्या आधी निळी (नदीजवळची) नि लाल (तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर बघा, निळ्या रेषेच्या आत असला तर घराला परवानगीच अडकते.