मदत हवी आहे : स्कायक्रेनला लटकलेला रोव्हर झोके कसा घेत नाही?

मंगळावर रोव्हर उतरवण्याचं तंत्र समजून घेतोय, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

पॅराशूटपर्यंतचं कळलं. तिथल्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरचं २१.५ मीटर व्यासाचं पॅराशूट उघडूनही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास उरलाच. उरलेलं काम रॉकेट इंजिनांचं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या आधीच्या रोव्हरच्या वेळच्या एअरबॅग टनभर वजनाच्या रोव्हरला पुरल्या नसत्या, हेही पटतं.

अडतंय ते शेवटच्या वीसेक मीटरवर. स्कायक्रेन म्हणजे वर इंजिनांचा सांगाडा, खाली नायलॉनच्या तीन दोऱ्यांवर रोव्हर. हा तर सरळ लंबक झाला! वरचा सांगाडा जरा कलला तरी खालचा रोव्हर हेलकावायला हवा. मग तो स्थिर राहतो तो दोऱ्या सांगाड्याच्या गुरुत्वमध्याजवळ बांधल्यामुळे, की नियंत्रणाचं सॉफ्टवेअर झोके शमवतं? की दोन्ही?

दुसरं, चाकं टेकल्याचं कळतं ते दोऱ्यांवरचा भार कमी होऊन इंजिनांचा जोर उतरतो त्यावरून, असं वाचलं. एकच चाक दगडावर टेकलं तर फसगत होत नाही का? पर्सिव्हरन्सच्या वेळी संदेश पृथ्वीवर पोहोचायलाच अकरा मिनिटं, म्हणजे निर्णय यानानेच घ्यायचा. २०१६ मध्ये मंगळावर उतरणारं शियापारेली यान चुकीच्या उंचीच्या अंदाजामुळेच आपटलं होतं.

कंट्रोल सिस्टीमवाल्यांनी जरा उलगडून सांगा. समीकरणं आली तरी चालतील, फक्त पायरी गाळू नका.