बाजरीचे पीठ आठ दिवसांत कडू होते : साठवणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी मुलगी आणि मधुमेह असलेले माझे सासरे अशी चार माणसे आहेत. दिवाळीनंतर सासऱ्यांच्या जेवणात पोळीऐवजी बाजरी आणि नागलीची (नाचणीची) भाकरी सुरू केली आणि थंडीभर ते अगदी नीट निभावले. आम्ही दोघेही नोकरी करत असल्यामुळे चक्कीवर वरचेवर जाणे जमत नाही, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तीन किलो बाजरी आणि दोन किलो नागली दळून आणतो.

होळी झाल्यापासून मात्र बाजरीच्या पिठाला आठव्या दिवशीच खवट वास येऊ लागला आहे. पहिल्यांदा हे माझ्या लक्षातही आले नव्हते. सासरे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस ते अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले, तेव्हा मी स्वतः खाऊन पाहिली आणि ती कडू लागली. त्यांनी न बोलता ती खाल्ली, याचे मला फार वाईट वाटले. डबा घासून उन्हात वाळवला, पिठात तमालपत्रे घालून पाहिली, शेवटी पीठ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवले. फ्रीजमुळे वास कमी झाला, परंतु पिठाची विरी (चिकटपणा) गेल्यासारखी वाटते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. त्याच दिवशी दळलेले आणि तशाच डब्यात ठेवलेले नागलीचे पीठ महिनाभर चांगले राहते, याचे कारण मला उमगत नाही.

दुसरी अडचण पालेभाज्यांची आहे. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारातून मेथी, शेपू, चाकवत असे जे ताजे मिळेल ते मी आठवड्याचे आणते. त्याच संध्याकाळी भाज्या निवडून, धुऊन, चिरून डब्यांत भरून ठेवते, म्हणजे सकाळी डब्याच्या घाईत केवळ फोडणी घालायची उरते. तरीही शनिवारपर्यंत मेथी पिवळी पडते आणि शेपूला बुळबुळीतपणा येतो. साठवण्यात माझे नेमके काय चुकते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद :

ताई, डबा तुम्ही नीट ठेवला आहे, हा बाजरीचा स्वभावच आहे. बाजरीत 100 ग्रॅममागे सुमारे 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, तर नागलीत तो 2 ग्रॅमहून कमी असतो. बाजरीतले हे तेल बरेचसे दाण्याच्या अंकुरात असते आणि दाणा अखंड आहे तोवर ते सुरक्षित राहते. दळल्यावर मात्र दाण्यातीलच विकरे (एन्झाइम) त्या तेलापर्यंत पोहोचतात, हवाही लागते आणि पीठ खवट होऊ लागते. उष्म्यात ही क्रिया झपाट्याने होते, म्हणूनच थंडीत तुम्हाला त्रास जाणवला नाही. अख्खी बाजरी कोरड्या डब्यात कित्येक महिने टिकते, तेव्हा साठवण धान्याची करावी आणि उन्हाळ्यात पीठ चार-पाच दिवसांपुरतेच दळावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

ते शक्यच नसेल तर आणखी एक उपाय आहे. निवडलेली बाजरी फडक्यात सैल बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावी, लगेच निथळून पसरावी, पूर्ण वाळवावी आणि मग दळावी. या उष्णतेने तेल बिघडवणारी विकरे बरीचशी निष्प्रभ होतात आणि पीठ अधिक दिवस टिकते. चक्कीवरून आलेले गरम पीठ तसेच डब्यात कोंबू नये, परातीत पसरून निववावे, नाहीतर आतल्या वाफेचे पाणी होते. फ्रीजमध्ये ठेवायचे असेल तर घट्ट झाकणाच्या लहान-लहान डब्यांत ठेवावे आणि एका वेळी एकच डबा बाहेर काढावा. विरी कमी झालेले पीठ कढत पाण्यात मळले की भाकरी सहसा फाटत नाही, पण कडू झालेले पीठ मात्र कशानेही सुधारत नाही, ते टाकूनच द्यावे.

भाज्यांच्या बाबतीत मी तुमच्या क्रमाला हरकत घेईन. चिरल्यावर पानांतला रस बाहेर येतो, धुतल्याचे पाणीही डब्यात राहते, आणि ती ओल सडण्याला पुरेशी असते. मेथी आणि शेपू निवडून, न धुता, न चिरता कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवावेत, आणि स्वयंपाकाच्या वेळी आधी धुऊन मग चिरावेत, म्हणजे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही कमी वाया जातात. त्याच कप्प्यात टोमॅटो, पेरू किंवा सफरचंदे असतील तर ती आधी बाहेर काढावीत, कारण पिकताना त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पाने लवकर पिवळी पडतात. बुधवारी आणलेल्या भाज्यांत मेथी-शेपू आधी संपवावे, कोबी, गाजर, दुधी शेवटच्या दिवसांसाठी ठेवावेत. मोड आलेली मटकीही त्याच फ्रीजमध्ये असेल, तर ती तीन दिवसांत संपवावी आणि सासऱ्यांना कच्ची न देता शिजवूनच द्यावी.

धागाकर्ती :

मनापासून आभार. टोमॅटो आणि मेथी एकाच कप्प्यात होते, ते आत्ताच वेगळे केले. येत्या रविवारी दीड किलो बाजरी उकळत्या पाण्यातून काढून पाहते. मात्र आमच्या गच्चीवर ऊन दुपारपर्यंतच असते. बाजरी दळण्याइतकी वाळली आहे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद :

पातळ पसरली तर कडक उन्हात एक-दोन दिवस पुरतात. संध्याकाळी मात्र ती घरात घ्यावी. चार दाणे दाताखाली धरून पाहावेत. दाणा कट्‌कन फुटला तर दळायला न्यावी, दबला किंवा चिकटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावे, कारण ओलसर दाणा जात्याला चिकटतो आणि पीठ लवकर बुरसते.