बार्थेलचा आकडा हलत नाही, पण आजोबा बदललेत. ट्रस्टला काय दाखवू?

अजनीची ओटी
नमस्कार. मी नागपुरात घरोघरी जाऊन वयस्क मंडळींना ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) देते, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव आणि सोयी. खर्च एक ट्रस्ट उचलतो. आता ते विचारून राहिले की फरक पडला हे कशावरून? आम्ही बार्थेल इंडेक्स भरतो: आंघोळ, जेवण, चालणं अशा रोजच्या कामांत मदत किती लागते त्याचे गुण, जास्त गुण म्हणजे मदत कमी. महालातल्या एका आजोबांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. सुरुवातीला १०० पैकी ६०, आताही ६०. आंघोळीला मदत लागतेच, जिन्यावर सोबत माणूस लागतोच.

पण आधी ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. काय करावंसं वाटतं, असं विचारलं तर म्हणाले, देवघरात दिवा लावायचाय. लाकडी ठोकळ्याला खाच पाडून काडेपेटी घट्ट बसवली आणि डाव्या हाताने काडी ओढायचा सराव केला. आधी काड्या मोडायच्या, मग पेटायच्या पण वातीपर्यंत पोचायच्या आत विझायच्या. आता संध्याकाळचा दिवा तेच लावतात. त्यासाठी तोंड धुऊन, धोतर बदलून मागतात, सुनेला तेलाची आठवण करतात. बार्थेलच्या दहा मुद्द्यांत याला जागाच नाही. तुम्ही हे कसं मोजता? नुसतं ‘रुग्ण समाधानी’ लिहून पाठवायला माझं मन घेत नाही.

मेडिकलची जुनी विद्यार्थिनी
सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) वापर. कॅनडातलं आहे, १९९१ पासून चालतं. कोणती कामं अडतात ते माणूस स्वतः सांगतो आणि त्यातली महत्त्वाची, जास्तीत जास्त पाच, निवडतो. प्रत्येकाला दोन गुण द्यायचे: किती जमतं आणि त्यात समाधान किती, १ ते १०. काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारायचं. २ गुणांची वाढ म्हणजे खरा फरक, असं साधारण धरतात. तुझ्या आजोबांचा दिवा इथे थेट आकड्यात येतो. बार्थेल बंद करू नको, मदत किती लागते ते त्यातूनच कळतं.

आजोबा नुसते पडून असायचे म्हणतेस, तर डब्ल्यूएचओ-५ पण भर, ती मन किती बरं आहे ते विचारणारी छोटी प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच वाक्यं, एकूण २५ गुण. १३ च्या खाली आले तर नैराश्याची तपासणी करून घे.

नागपूरकर, सध्या इंग्लंड
इथे कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) अडल्ट सोशल केअरमध्ये, प्रौढांना रोजच्या जगण्यात मदत देणाऱ्या विभागात, ओटी आहे. २०१४ च्या केअर ॲक्टने माणसाचं कल्याण जपणं हे कौन्सिलचं कर्तव्यच ठरवलं, म्हणून फरक कसा मोजायचा हा प्रश्न आमच्याही मागे कायम असतो. केंट विद्यापीठात तयार झालेलं ॲस्कॉट पाहा, मदतीमुळे माणसाचं जगणं किती बरं झालं ते मोजणारी प्रश्नावली. त्यात आठ बाबी आहेत: रोजच्या जगण्यावर आपला ताबा, स्वच्छता, खाणंपिणं, सुरक्षितता, माणसांत मिसळणं, वेळ कशात जातो, घराची अवस्था आणि मदत घेताना राखला जाणारा मान. त्याच्या मुलाखतीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: ही मदत नसती तर तुमचं कसं चाललं असतं? पार्किन्सन्स हा वाढत जाणारा आजार, त्यामुळे अशा माणसाचा आकडा वर्षभर जागेवर राहिला, तर तो थेरपीचा फायदा असू शकतो, आणि तो दिसतो फक्त या प्रश्नामुळे. मात्र मराठी भाषांतर परस्पर करू नका, आधी त्यांना विचारा.

प्रतापनगरची सून
मी थेरपिस्ट नाही, सासूबाईंचं करते. एक सांगते ताई, फॉर्म सगळ्यांसमोर भरू नका. आमच्याकडे बाई आल्या, सासूबाईंना विचारलं, कसं वाटतं? मुलगा समोर बसलेला. त्या काय म्हणणार? ‘सगळं बरं आहे न बाप्पा.’ सगळे गुण पैकीच्या पैकी! मुलगा कामावर गेल्यावर मला म्हणाल्या, संडासात कोणी दार उघडं ठेवून उभं राहतं ते नको वाटतं. मग आतून धरायला दांडी बसवली आणि दार लोटायला लागलो. पडायची भीती मलाही होती, पण त्यांची लाज कोणत्याच रकान्यात आली नव्हती.

आणि मे महिन्यात ‘बाहेर जाता का’ विचारून गुण कापू नका. ४५ डिग्रीत तर धडधाकट माणूसही बाहेर पडत नाही.

अजनीची ओटी
वहिनी, दाराचं तुम्ही बोललात ते फार बरं झालं. ‘मान’ म्हणजे हेच, आणि मी ते कधी वेगळं विचारत नव्हते. ट्रस्टकडे बार्थेल आणि सीओपीएम शेजारी शेजारी पाठवते, दिव्याची हकिगत चार ओळींत. ‘मदत नसती तर’ हा प्रश्न माझ्या मुलाखतीत आजपासूनच घेते, ॲस्कॉटच्या परवानगीसाठी वेगळं लिहिते. मिसळण्याबद्दलचे गुण उन्हाळ्याचे उन्हाळ्याशीच ताडून पाहीन.

आजोबांची सीओपीएमची पहिली नोंद आता मागे जाऊन घेता येणार नाही. म्हणून पुढच्या कामापासून सुरू करते. त्यांना ओट्यावर बसून पेपर वाचायचाय, आणि घडी एका हाताने उलगडत नाही. यावर कोणी काही केलंय का?