बुद्धिबळातलं ब्लिट्झ (३-५ मिनिटांचे झटपट डाव) बंद करायचं की चालू ठेवायचं? मदत हवी आहे

आमचा पोरगा १३ वर्षांचा, खानापूरला असतोय. मोबाईलवर ३ मिनिटांच्या डावात मोठ्या मोठ्यांना हरवतोय, पण बेळगावात ९० मिनिटांच्या स्पर्धेत बसला की २० मिनिटांत डाव संपवून बाहेर! परवा वजिरानं प्यादं खाल्लं आणि पुढच्याच चालीला समोरच्याच्या घोड्यानं राजा-वजीर दोघांना धरलं, तेव्हा घड्याळात ७१ मिनिटं शिल्लक होती ओ.

चाल आधी मनात तपासायला सांगितलं, हातावर बसवलं, डाव लिहून घरी परत लावतोय, कोडी रोज १० सोडवतोय. क्लास जवळ नाही, शनिवार-रविवारच वेळ, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) आहे, त्यामुळे ते सुचवू नका.

मित्र म्हणतोय फास्टमध्ये नुसता हात चालतोय, डोकं नाही. मला पटत नाही, २०१८ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपला कार्लसन-कारुआनाचे १२ क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) कार्लसननं ३-० केलं, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनंसुद्धा २०२५ चा महिलांचा वर्ल्ड कप रॅपिडच्या टायब्रेकमध्येच (बरोबरी फोडायच्या डावांत) मारला. पण ते आधी स्लो खेळून तयार झालेले, हा उलटा चाललाय.

दोन महिन्यांनी हुबळीला स्पर्धा आहे. तोवर ब्लिट्झ पूर्ण तोडू, की १५ मिनिटं + १० सेकंदवर (दर चालीला १० सेकंद वाढीव) आणू? ज्यांची पोरं यातून गेलीत त्यांनी सांगा की, आठवड्याला स्लो डाव किती आणि फास्ट किती ठेवलात?