जुने कंपोझिट रीलोड: उडवायचे की बाजूला ठेवायचे?

केळीबाग_रावेर:
कॉलेजच्या रॉकेट क्लबच्या कपाटात एरोटेक कंपनीच्या २९/४०-१२० केसिंगचे (मोटरची परत परत वापरायची धातूची नळी) सहा जुने रीलोड (त्यात भरायचे इंधनाचे संच) आहेत. दोन एफ४०, चार जी६४. रीतसर आणलेले आहेत, कागदपत्रं शाबूत आहेत, पाकिटांवर २०१२ साल आहे. चार पाकिटं सीलबंद आहेत. उरलेल्या दोन जी६४ चं प्लास्टिक फाटलंय आणि ग्रेनच्या (इंधनाच्या कांडीच्या) खाचेत पांढुरकी भुकटी दिसते. खोली पत्र्याची, म्हणजे उन्हाळ्यात ४५ अंश आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा. हे वापरता येतील का? आधी काय काय तपासावं?

गिरणाकाठ:
नुसतं वय बघून टाकून देऊ नका. काळ्या दारूच्या मोटरला उष्णता-थंडीचे फेरे बसले की दाबून बसवलेली दारू तडकते आणि मोटर पेटताक्षणी फुटू शकते. कंपोझिटमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि धातूची भुकटी एचटीपीबी रबरात बांधलेली असते. रबर लवचीक, म्हणून ते असं तडकत नाही. जुनं झालं की त्रास होतो तो पेटण्याचा.

ती पांढुरकी भुकटी म्हणजे ओलाव्याने पृष्ठभागावर आलेलं परक्लोरेट. असा थर सहज पेट घेत नाही. इग्निटर (मोटर पेटवणारी विजेची काडी) जळतो, ग्रेनचा थोडा भाग पेटतो, आतला दाब वाढत नाही आणि मोटर विझते. परत पेटते, परत विझते. 'फुस्स... फुस्स' असा आवाज येतो. खरा धोका त्यानंतरचा आहे. एवढ्या वेळात डिले (पॅराशूट सुटायच्या आधी ठरावीक सेकंद जळणारा भाग) पेटलेला असतो. रॉकेट रॉडवर तसंच उभं दिसतं, माणूस जवळ जातो आणि इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू) जमिनीवरच उडतो. म्हणून रॉकेट उडालं नाही तर आधी बॅटरी काढा आणि निदान ६० सेकंद कोणीही जागचं हलू नका. धूर दिसत असेल तर तो थांबल्यापासून ६० सेकंद मोजा.

सीलबंद चारही पाकिटं उघडून ग्रेन उजेडात बघा. अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबल्यावर खोडरबरासारखं दबून परत वर आलं पाहिजे. नुसता फिकट थर असेल तर लाकडी काडीला १०० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून खाचेतून हाताने चार-पाच वेळा फिरवा. आतला एकसारखा रबरी पृष्ठभाग दिसला की थांबा. जास्त घासलं तर खाचेचा आकार बदलतो. ड्रिल किंवा ग्राइंडर अजिबात नको. खाली ओला कागद अंथरा, जवळपास ठिणगी नको, अंगात नायलॉनचे कपडे नकोत. हे फक्त रीलोडपुरतं. एकदा वापरून टाकायच्या बंद मोटरच्या नोझलमधून (वायू बाहेर पडायच्या तोंडातून) काहीही घालायचं नाही.

इग्निटर मात्र नवाच घ्या. जुन्याच्या टोकाचा लेप बोटाने चोळला तरी गळून पडतो. टोक ग्रेनच्या पार वरच्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे. मध्येच अडकलं तर चांगली मोटरही फुसफुसते.

अमळनेर_३८मिमी:
वरचं सगळं बरोबर आहे. भर घालतो ती ओ-रिंगची, म्हणजे केसिंगचे सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी रिंगची. १२-१३ वर्षांत पाकिटातली रबरी रिंग कडक होते. प्रत्येक रिंग दुमडून भिंगाखाली बघा, केसाएवढी चीर दिसली तरी बाद. त्याच मापाची नवी रिंग घ्या आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावा. अंदाजाने जवळच्या मापाची बसवू नका. तिथून गरम वायू निसटला की अॅल्युमिनियमचं केसिंग जळून भोक पडतं.

जुन्या डिलेवर छापलेला आकडा खरा धरू नका. तो तीन सेकंद उशिरा संपला तर रॉकेट माथ्यावरून सुमारे ४४ मीटर खाली आलेलं असतं आणि वेग सेकंदाला २९ मीटर. एवढ्या वेगात पॅराशूट उघडलं की दोर नळीला उभा चिरतो. शक्य असेल तर पॅराशूट अल्टिमीटरवर (उंची मोजणाऱ्या यंत्रावर) सोडा आणि मोटरचं इजेक्शन जोडीला राहू द्या. इजेक्शनची दारू कुपीत सुळसुळ हलली पाहिजे. गोळा झाली असेल तर ती कुपी वापरू नका.

वजनाचं गणित: एफ४० चा सरासरी जोर ४० न्यूटन. जोर वजनाच्या पाचपट हवा असं धरलं तर उड्डाणाचं वजन मोटरसकट ८०० ग्रॅमच्या आत ठेवा. जी६४ ला १.३ किलोपर्यंत चालेल. जुन्या मोटरला याहून हलकंच रॉकेट द्या.

केळीबाग_रावेर:
दादा, फाटलेल्या दोन पाकिटांपैकी एका ग्रेनच्या बाहेरच्या कागदी नळीत आणि इंधनात बारीक फट दिसते. नखाचं टोक आत जातं. ती फट चिकटवून चालेल का?

गिरणाकाठ:
नाही, तो ग्रेन बाद. त्या फटीत ज्वाला शिरली की बाहेरची बाजूही जळू लागते. जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब वाढतो आणि केसिंग फुटतं. डिंक, इपॉक्सी काहीही लावून तो भरवशाचा होत नाही. दुसऱ्या फाटक्या पाकिटातला ग्रेन तेवढ्याच ओलाव्यात राहिलाय. माझ्या मते तोही काढा, एका जी६४ साठी २९ चं केसिंग घालवू नका.

सातपुडा_पायथा:
बाद झालेले ग्रेन जाळू नका, पुरू नका आणि कृपा करून विहिरीत किंवा पाटाच्या पाण्यात टाकू नका. परक्लोरेट पाण्यात लगेच विरघळतं, पिण्याच्या पाण्यातून पोटात गेलं की थायरॉइडला आयोडीन मिळण्यात अडथळा आणतं. घासलेल्या भुकटीचा ओला कागदही ग्रेनसोबतच ठेवा. ज्या परवानाधारकाकडून माल आला त्याला लेखी कळवा. स्फोटक परवान्यांचं मुख्य कार्यालय, पेसो, नागपूरला आहे. विल्हेवाटीचं तिथेच विचारा. अमेरिकेत २००९ च्या न्यायालयीन निकालानंतर हे इंधन तिथल्या स्फोटकांच्या यादीतून निघालं, पण तो नियम इथे लागू नाही. पोलीस ठाण्याची आणि शेतमालकाची परवानगीही लेखी घ्या, जळगाव विमानतळाची दिशा आधी बघा.

जागा निवडताना कापूस निघालेलं वावर सोपं वाटतं, पण उभ्या पऱ्हाट्या ठिणगीला टेकलेल्याच असतात. पॅडभोवती दहा फूट जमीन काळ्या मातीपर्यंत झाडून घ्या, नोझलखाली पत्रा ठेवा, पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं हाताशी. माणसं निदान ३० फूट लांब. जुनी मोटर असेल तर १०० फूट म्हणा, वायर तेवढी लांब घ्या आणि बॅटरी १२ व्होल्टची, पूर्ण चार्ज केलेली.