महाप्रसादाचे एप्रन घरीच शिवण्याबाबत

बी-३०२: सर्वांना नमस्कार. गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या दिवशी चुलाण्यापाशी आणि पंगतीत राबणाऱ्या २० जणांसाठी तयार एप्रन मागवावेत, असे काल सुचवण्यात आले. दाखवलेला नमुना पॉलिस्टरचा आहे, म्हणून मी हरकत घेते. पॉलिस्टरला आच लागली की ते वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, पण ते असे वितळत नाही. आपल्या इमारतीत शिलाई मशीन असलेली निदान चार घरे आहेत, तेव्हा जाड सुती कापड आणून एप्रन घरीच शिवावेत.

ए-१०४: काकू, कल्पना मान्य आहे, परंतु एका एप्रनला एक मीटर धरले तरी २० मीटर कापड लागेल. शिवाय गेल्या वर्षीचे एप्रन एका धुण्यात इतके आखडले की उंच मुलांना ते लाळेऱ्यासारखे दिसत होते.

बी-३०२: तो दोष सर्वस्वी माझा आहे. घाईत मी कोरे कापड न भिजवताच बेतले. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच सहज आटते, त्यामुळे या खेपेस ते रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावू. कापडाचा हिशेबही मी नव्याने मांडला आहे. एप्रन बेतताना दुमडीसह लांबी ३४ इंच आणि रुंदी २८ इंच लागते. ४४ इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) कापडावर एप्रनची लांबी पन्ह्याच्या दिशेने घेतली, तर प्रत्येकी २८ इंचच कापड खर्ची पडते, म्हणजे २० एप्रनना सव्वाचौदा मीटर. आटण्याची सूट धरून १६ मीटर आणावे. पन्ह्यातून उरणाऱ्या पट्टीत खिसे निघतील. मात्र कापड एकरंगी हवे, कारण उभ्या रेघा अशा बेतात आडव्या येतात. पांढरे तर नकोच. हळदीचे डाग निघत नाहीत.

सी-५०१: गळ्याच्या पट्टीचे काय करणार आहात? माझा खांदा आखडलेला असल्यामुळे मला पाठीमागे गाठ मारता येत नाही, आणि मागच्या वर्षी दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागत होती.

बी-३०२: दादा, त्यासाठीच गळ्याची पट्टी आणि कमरेचे बंद वेगवेगळे न शिवता एकच नाडी घालायची आहे. वरचा भाग १० इंच रुंद ठेवून दोन्ही बाजू काखेपासून कमरेपर्यंत तिरप्या कापायच्या, त्या कडा सव्वा इंच आत दुमडून नेफा करायचा आणि परकरात ओवतो तशी साडेतीन मीटर सुती नाडी सेफ्टीपिनने एका नेफ्यातून वर, मानेमागून दुसऱ्या नेफ्यातून खाली ओवायची. नाडी ओढली की गळा ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे बसतो, आणि टोके पाठीवरून फिरवून पुढे पोटाशी बांधता येतात.

ए-६०३: एक सूचना करते. ती तिरपी कड उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येत असल्याने मशीनखाली ताणली जाऊन लाटेसारखी होते. कापल्याबरोबर कडेलगत एक साधी टीप मारून घ्यावी, मग नेफा दुमडावा. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर लहान त्रिकोणी टीपही अवश्य घालावी. झारा किंवा ओले फडके खोचले की खिसा तिथूनच उसवतो, आणि गेल्या वर्षीचे सहा खिसे मीच पुन्हा शिवले आहेत.

ए-१०४: मग १६ मीटर कापड आणि ७० मीटर नाडी मी शनिवारी आणून देतो. भिजवण्यासाठी गच्चीवरचे मोठे टब कोणीतरी घासून ठेवावेत.

बी-३०२: टब माझ्याकडे लागले. ६०३, तुमच्या मशीनला १६ नंबरची जाड सुई लावून ठेवा. नेफ्याच्या टोकाशी कापडाचे चार पदर येतात आणि तिथे माझी १४ नंबरची सुई दोनदा मोडली आहे.