मदत हवी आहे: १.३ डिझेल, सकाळी लांब सेल, चेनची खडखड, घाटात काळा धूर (नाशिक)

गोदाकाठ

गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक, एमएच १५. इंजिन फियाटचं १.३ मल्टीजेट: १२४८ सीसी, ७५ पीएस, साधा टर्बो. १,६२,००० किमी. टायमिंग चेन, टर्बो, इंजेक्टर सगळं मूळचं. ऑइल ५डब्ल्यू-३०, बदलून ९,००० किमी झालेत.

सकाळी पहिल्या स्टार्टला सहा-सात सेकंद सेल मारावा लागतो, नंतर दिवसभर अर्ध्या सेलवर उठते. सकाळी उठल्यावर दोन-तीन सेकंद चेनच्या बाजूने खडखड येते, मग शांत. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरला २,००० आरपीएमच्या पुढे दम लागतो आणि मागे काळा धूर. अॅव्हरेज १९ वरून १५. स्कॅनरवर दोन कोड आले, पी०२९९ आणि पी०४०१. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर दोन महिन्यांपूर्वी बदललेत, बॅटरी वर्षाची आहे.

गॅरेजमध्ये सांगितलं, चारही इंजेक्टर आणि टर्बो बदला. आकडा ऐकून गाडीच विकावी असं वाटलं. १५ वर्षं भरत आलीत, पेठ रोडला आरटीओत री-पासिंगही करायचंय. हे सगळं खरंच गेलंय का? आधी काय तपासू?

सातपूर_डिझेल

तुमच्या गाडीला तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींना मिळून एकच महागडं औषध लिहून दिलंय. वेगवेगळे बघू.

सकाळचा लांब सेल. इंजेक्टर झिजून रिटर्नला (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या लाइनला) जास्त डिझेल सोडत असते, तर गरम इंजिनही रडलं असतं, उलट जास्तच, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं. तुमची फक्त रात्रभर उभी राहिल्यावर रडते. म्हणजे रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि लाइनमध्ये हवा शिरतेय. आणि फिल्टर दोन महिन्यांपूर्वी बदललाय म्हणता. सेलचा त्रास त्याच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, ते आठवून बघा. फिल्टर बदलताना जुनीच ओ-रिंग परत बसवली, ती वाटीत मुरडली, किंवा पाण्याचा ड्रेन स्क्रू नीट आवळला नाही, या तिन्ही चुका नेहमीच्या आहेत. तिथून डिझेल बाहेर गळेलच असं नाही. त्या बाजूला पंपाची ओढ असते, त्यामुळे हवा आत जाते आणि बाहेर सगळं कोरडं दिसतं. म्हणून नुसतं बघून कळत नाही.

तपासायची पद्धत: फिल्टर ते हाय प्रेशर पंप या लाइनमध्ये फूटभर पारदर्शक डिझेल होज टाका, दोन्ही टोकांना नवी क्लिप. रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी सेल मारायच्या आधीच टॉर्च लावून बघा. होज अर्धा रिकामा असेल किंवा सेल मारताना बुडबुड्यांची माळ दिसली, तर चोर सापडला.

त्याच वेळी मल्टिमीटर बॅटरीवर ठेवा. सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा अर्थिंगची वायर बघा. ग्लो प्लगची (थंड इंजिन उठताना सिलिंडर तापवणारा प्लग) वायर काढून प्लगचं टोक ते इंजिन बॉडी असा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला अनंत. ग्लो प्लग गेला की उठताना इंजिन लंगडतं आणि पांढरा धूर टाकतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून माझा कल हवेकडेच. प्लग काढायची वेळ आलीच तर इंजिन गरम असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून, आणि जोर न करता. हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत प्रकरण जातं.

पाथर्डी फाटा

घाटातल्या धुराबद्दल. पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. पण प्रेशर कमी पडतंय याचा अर्थ टर्बो मेला असा होत नाही. टर्बोने भरलेली हवा वाटेत गळाली तरी हाच कोड येतो. हवा गळते, डिझेल त्या मानाने जास्त पडतं, म्हणून काळा धूर आणि अॅव्हरेजला कात्री.

टर्बोपासून इंटेकपर्यंतचा प्रत्येक रबरी होज हाताने दाबून, वळवून बघा. चीर बहुतेक खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते आणि इंजिन बंद असताना मिटलेली राहते. तिथे तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा दिसला की समजायचं. खात्री करायची तर एक टोक बंद करून अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. एक बारच्या वर जाऊ नका.

होज ठीक निघाले तर वेस्टगेटचा (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) दांडा हाताने हलतो का बघा. अडकून उघडा राहिला असेल तर प्रेशर बनत नाही. मग टर्बोचं चाक: इनलेटचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा शाफ्ट पुढेमागे सरकत असेल तर टर्बो खरंच गेला. दहा मिनिटांचं काम आहे हे. ते न करता टर्बो बदला म्हणणाऱ्याला जुना टर्बो काढून हातात द्यायला सांगा.

पी०४०१ हा ईजीआरचा, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. काजळी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ मिळून डांबरासारखा चिखल होतो. द्वारका ते मुंबई नाका असं रोज पहिल्या-दुसऱ्यावर चालवलं की लवकर होतो. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुवा, मोटारच्या बाजूला स्प्रे जाऊ देऊ नका, गॅस्केट नवं लावा. तिथेच मॅप सेन्सरही (इंटेकमधलं हवेचं प्रेशर मोजणारा) काढा. त्याच्या तोंडावर काजळीची टोपी बसली असेल तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) प्रेशर चुकीचं दिसतं. तो मात्र फक्त इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा. ब्रश घालायचा नाही.

निफाडची थंडी

ईजीआरची वाट पत्रा लावून बंद करून टाका, कटकट मिटेल.

पाथर्डी फाटा

मिटणार नाही. पी०४०१ चा अर्थच ईजीआरमधून फ्लो कमी. पत्रा मारला की फ्लो शून्य, कोड कायमचा मुक्कामाला. आणि री-पासिंगच्या तोंडावर उत्सर्जनाच्या भागाशी खेळ नको.

चेन_स्प्रॉकेट

चेनबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, आणि या यादीत खरी घाई तिचीच आहे. बाकीच्या दुखण्यांनी इंजिन मरत नाही.

या इंजिनाचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालतो. सकाळी प्रेशर यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सैल चेन गाइडवर आपटते. तीच खडखड. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश थोडी-थोडी झिजते आणि शंभरेक कड्यांची झीज मिळून ढिलाई दिसायला लागते. झिजवते ती ऑइलमधली काजळी. ऑइल भरायची जागा जेमतेम तीन लिटरची, त्यात ९,००० किमीची काजळी. या वयाच्या इंजिनाला ७,५०० च्या पुढे नेऊ नका. आणि डिपस्टिक आजच बघा, लेव्हल खालच्या खुणेला असेल तर खडखड वाढतेच.

चेन दात सोडून उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. आधी रॉकर तुटतात, पुढे नशीब.

बदलताना पूर्ण किट: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट, सोबत क्रँकचं पुढचं ऑइल सील. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर घातली तर लवकर झिजते. टायमिंग लॉक करायच्या पिना नसतील, "खडूने खूण करून घेतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा. पुढचं कव्हर लिक्विड गॅस्केटवर बसतं. ते जास्त थापलं की आत गेलेले तुकडे सुटून सम्पच्या (खालच्या ऑइल टाकीच्या) जाळीत अडकतात आणि ऑइल प्रेशर पडतं. बारीक रेघ पुरते. सम्प उतरलेलाच असतो, जाळी धुऊन घ्या.

गोदाकाठ

चार दिवसांत जमलं तेवढं केलं. सकाळी पारदर्शक होज निम्मा रिकामा होता. फिल्टर उघडला तर ओ-रिंग एका जागी चपटी, मुरडलेली. नवी ओ-रिंग डिझेल लावून बसवली. आता दीड-दोन सेकंदांत उठते. सेलचा त्रास फिल्टर बदलल्यानंतरच सुरू झाला होता, हे घरच्यांनी आठवून सांगितलं.

टर्बोच्या होजला खालून बोटभर चीर. होज बदलला, ईजीआर आणि मॅप सेन्सर धुतला. घाटात धूर बराच कमी, पण पूर्ण गेला नाही. म्हणून इंजेक्टरची रिटर्न टेस्टही केली. चार बाटल्या लावून गरम इंजिन तीन मिनिटं आयडलवर: २२, २४, ४७ आणि २१ मिली. आता?

सातपूर_डिझेल

तिसरा दोषी, बाकी तीन भाऊ तब्येतीने आहेत. चारही बदलायची गरज नाही. तिसरा काढून बेंचवर टेस्ट करून घ्या. ज्या गावात चौकालाच मायको (आताची बॉश, डिझेल इंजेक्टरवाली कंपनी) सर्कल म्हणतात, तिथे बेंच शोधायला त्रास पडू नये. फुल लोड, आयडल, प्री-इंजेक्शन आणि रिटर्न, चारही आकड्यांचा छापील रिपोर्ट मागा. परत बसवताना कॉपर वॉशर नवा आणि बसायची जागा स्वच्छ, नाहीतर तिथून गॅस फुसफुसतो आणि भोवती काळं डांबर जमतं. नवा इंजेक्टर घेतला तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या. आणि चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइपचा नट कधीच ढिला करू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, ती धार कातडीतून आत शिरते.

चेन_स्प्रॉकेट

री-पासिंगची घाई असेल तर क्रम लक्षात ठेवा. डिझेलच्या धुराच्या तपासणीत गाडी न्यूट्रलला ठेवून अॅक्सिलरेटर तळापर्यंत झटक्यात दाबतात, तेही परत परत. इंजिन प्रत्येक वेळी कमाल आरपीएमला जातं. लांबलेल्या चेनवर हे करायचं नाही. आधी चेन आणि ताजं ऑइल, मग इंजेक्टर, मग पिंपळगावपर्यंत हायवेला एक फेरी मारून इंजिन पूर्ण गरम, आणि तशाच गरम गाडीने पीयूसी. धुराच्या दाटपणाची मर्यादा (के व्हॅल्यू, प्रति मीटर) बीएस-४ ला १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आहे. तुमच्या वर्षी दोन्ही प्रकारच्या गाड्या विकल्या जात होत्या, कागदपत्रं बघून जा.